रशियात नव्वदचं दशक परत येणार का? तुरुंगातून युद्धावर गेलेल्यांचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वॅग्नर या खासगी लष्करी कंपनीने तुरुंगातून उचललेले हजारो गुन्हेगार युक्रेनच्या युद्धावरून घरी आले. आता रशियात पुन्हा नव्वदच्या दशकासारखं माफियाराज येणार का? आणि सरकारला कायम शिव्या घालणारे तिथले गुंड अचानक देशासाठी लढायला तयार कसे झाले? भाची कझानला एमबीबीएसला आहे, म्हणून विचारतोय."

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. नव्वदसारखं होणार नाही. तेव्हा गुन्हेगारांनी सरकारची कामं बळकावली होती. आता सरकारनेच गुन्हेगारांचा जुना धंदा हातात घेतलाय, आणि त्यातला सगळ्यात महाग माल म्हणजे माफी.

मी १९९४ ते २००० मॉस्कोत एका भारतीय औषध आयातदाराचं गोदाम सांभाळायचो. परत आल्यापासून पुण्यात रशियन कागदपत्रांचे, त्यातही जास्त करून कोर्टाच्या कागदांचे अनुवाद करतो. म्हणजे ही मंडळी आधी दारात पाहिली आणि नंतर कागदावर.

गोदाम सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा दोघं जण आले. एकाच्या अंगात छत्रीधारी सैनिक घालतात ती निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची बनियन. अफगाणिस्तानात होतो, म्हणाला. चहा घेतला, साखर मागून घेतली आणि विचारलं, "तुमचं छप्पर कोण?" रशियनमध्ये 'क्रिशा' म्हणजे छप्पर. आपल्याकडच्या हप्त्याहून हे प्रकरण वेगळं होतं. हप्ता दिला की माणूस मोकळा होतो. छप्पर मात्र तुमच्या वतीने दुसऱ्या टोळीशी बोलतं, बुडालेली उधारी वसूल करतं, कस्टममध्ये अडकलेला कंटेनर सोडवतं. न्यायालयं नावापुरती होती, तेव्हा करार पाळायला लावण्याचं कामही तेच करायचं. आमच्या हिशेबनीस बाई म्हणाल्या, "यांनाच घ्या, बॉक्सर पोरांपेक्षा हे परवडले. हे निदान वेळेवर येतात." घेतलं. मार्च १९९२च्या कायद्याने खासगी सुरक्षा एजन्सी अधिकृत झाल्या होत्या, त्यामुळे दर महिन्याला शिक्क्यासकट बिल यायचं. खंडणीची पावती देणारा देश मी तोवर पाहिला नव्हता.

या आठवणीत तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. नव्वदच्या टोळ्यांना माणसं कुठून मिळाली? तुरुंगातून मिळाली, पण तेवढीच नव्हेत. व्यायामशाळांमधून कुस्तीगीर आणि बॉक्सर आले, केजीबी आणि पोलीस खात्यातून बाहेर पडलेले आले, आणि अफगाण युद्धातून परतलेले आले. त्या युद्धात १९७९ ते १९८९ या काळात सुमारे ६ लाख २० हजार सोव्हिएत सैनिक जाऊन आले, जवळपास १५ हजार मेले. परतलेल्यांना दफ्तरदरबारी ऐकायला मिळायचं की "आम्ही नव्हतं पाठवलं तुम्हाला." पुढे देशच मोडला आणि कारखाने, तेल, गोदामं असं सगळं एकाच वेळी बेवारस झालं. हत्यार चालवता येणारा माणूस आणि मालक नसलेली मालमत्ता एकत्र आली, त्यातून ते दशक घडलं. नुसते सैनिक परतल्याने माफिया तयार होत नाही. लुटायला काहीतरी मोकळं पडलेलं लागतं.

अफगाण युद्धात अपंग झालेल्यांच्या निधीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. अपंग सैनिकांना मदत म्हणून या निधीला दारू आणि सिगारेटी आयात शुल्काशिवाय आणायची सवलत मिळाली. दारू-सिगारेटीवर शुल्क माफ म्हणजे नोटा छापायचं यंत्रच. निधीत दोन गट पडले. १० नोव्हेंबर १९९४ रोजी प्रमुख मिखाईल लिखोदेय बॉम्बस्फोटात मारला गेला. बरोबर दोन वर्षांनी, १० नोव्हेंबर १९९६ला, मॉस्कोच्या कोत्ल्याकोवो दफनभूमीत त्याच्या स्मृतिदिनाला लोक जमले असताना दुसरा बॉम्ब फुटला. १४ जण मेले, त्यात त्याची पत्नीही होती. त्या दिवशी आमच्या गोदामावरचा बनियनवाला रखवालदार कामावर आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तो दिवसभर गप्प होता. मीही काही विचारलं नाही.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, गुंड देशभक्त कसे झाले. रशियन तुरुंगात 'वोर व झाकोने' नावाचा एक वर्ग आहे, शब्दशः 'कायद्यातला चोर'. यातला कायदा सरकारचा नव्हे, चोरांचा स्वतःचा. स्टालिनच्या काळातल्या छावण्यांत तो घडला. चोराने सरकारी नोकरी करायची नाही, तुरुंगात काम करायचं नाही, पोलिसाला साक्ष द्यायची नाही, सरकारच्या हातून बंदूक तर मुळीच घ्यायची नाही. प्रत्येकाने 'ओब्श्चाक' या सामाईक गल्ल्यात पैसे टाकायचे आणि त्यातून आत असलेल्यांना मदत जायची.

या बंदुकीच्या नियमावरून एकदा मोठं रक्त सांडलंय. १९४१ मध्ये जर्मन आत घुसले, तेव्हा सरकारने सुमारे ४ लाख २० हजार कैदी सोडले आणि त्यातले भरतीच्या वयाचे लाल सेनेत घातले. जुलै १९४२च्या २२७ क्रमांकाच्या आदेशानंतर शिक्षेच्या तुकड्या निघाल्या, 'श्त्राफनिक' म्हणतात ते हेच. त्यात अट्टल चोरही गेले. युद्ध संपल्यावर यातले बरेच जण पुन्हा चोऱ्या करून पुन्हा आत आले आणि जुन्या सोबत्यांकडे बघून हसले. जुन्यांनी तोंड फिरवलं. तुम्ही वर्दी घातली, तुम्ही 'सूका', म्हणजे कुत्री. तिथून 'सूच्या वोयना', कुत्र्यांचं युद्ध, पेटलं ते स्टालिन मरेपर्यंत छावण्या-छावण्यांतून चाललं. छावणीचे अधिकारी यात सूका लोकांच्या बाजूने होते. जुन्या चोरांना चाकूच्या पात्याचं चुंबन घ्यायला लावून नवा पंथ पत्करायला लावत. नकार देणारा त्याच चाकूने मरायचा. जिंकलं कोण, याबद्दल जाणकारांत वाद आहे. माझ्या मते सरकारशी हातमिळवणी चालते असं मानणारे जिंकले, फक्त त्यांनी नाव जुन्यांचं लावलं.

त्यामुळे २०२२चे 'कायद्यातले चोर' म्हणजे ते जुने व्रतस्थ नव्हेत. नव्वदच्या दशकात ही पदवी विकत मिळायला लागली होती. 'देद हसन' म्हणून ओळखला जाणारा अस्लान उसोयान हा त्यांच्यातला सगळ्यात वजनदार माणूस, १६ जानेवारी २०१३ला भर मॉस्कोत दूरवरून झाडलेल्या गोळीने मेला. सरकारनेही फास आवळत आणला होता. २०१९ पासून गुन्हेगारी उतरंडीत सर्वोच्च स्थानावर असणं हाच गुन्हा आहे. फौजदारी संहितेचं कलम २१०.१, शिक्षा ८ ते १५ वर्षं. वेगळा गुन्हा सिद्ध करायची गरज नाही. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगी जीवनाचं आकर्षण असणाऱ्या पोरांची 'आउए' ही चळवळ अतिरेकी ठरवली. म्हणजे वॅग्नरचा मालक प्रिगोझिन २०२२ मध्ये माणसं घ्यायला तुरुंगांच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याला अडवू शकणारी आतली सत्ता आधीच खिळखिळी झालेली होती.

येवगेनी प्रिगोझिन स्वतः लुटीच्या गुन्ह्यात १९८१ मध्ये शिक्षा झालेला, जवळपास नऊ वर्षं आत काढलेला माणूस. बाहेर येऊन पीटर्सबर्गमध्ये हॉटडॉग विकले, मग हॉटेलं, मग सरकारी जेवणाची कंत्राटं. सप्टेंबर २०२२ मध्ये मारी एल प्रांतातल्या एका तुरुंगाच्या आवारातली त्याची चित्रफीत बाहेर आली. ती मी कामाचा भाग म्हणून कितीतरी वेळा ऐकली. त्यात देशभक्तीचा अंश नगण्य आहे. सहा महिने लढा, जिवंत राहिलात तर माफी. तिथे येऊन मागे फिरलात तर गोळी. दारू, अमली पदार्थ, लुटालूट आणि बायका यांना हात लावायचा नाही. विचार करायला वेळ पाच मिनिटं. तो तुरुंगाच्या भाषेत बोलतो आणि ऐकणाऱ्यांना कळतं की हा माणूस सौदा करतोय. टीका झाल्यावर बाहेरच्यांना त्याने सुनावलं, त्याचा मथितार्थ असा की हे कैदी नको असतील तर तुमची पोरं पाठवा.

तेव्हा देशासाठी कोणी तयार झालं, असं म्हणणं धाडसाचं आहे. आतल्या उतरंडीत चोरांच्या खाली 'मुझिक' असतात, म्हणजे साधे कैदी, काम करून शिक्षा भोगणारे. यातले असंख्य जण कलम २२८चे, अमली पदार्थांचे. रशियात या कलमाला 'लोकांचं कलम' म्हणतात, इतके लोक त्यात आत आहेत. समोर दहा-बारा वर्षं कडक तुरुंग, आणि दुसरीकडे सहा महिने, महिना एक लाख रुबल, मेलात तर घरच्यांना पन्नास लाख. बहुतेकांनी हा हिशोब केला. चोरांमध्ये एकमत नव्हतं. जाऊ नका असे निरोप काही तुरुंगांत फिरले. तुरुंगात अशा निरोपाच्या चिठ्ठीला 'प्रोगोन' म्हणतात. पण ज्यांना आयुष्यभर तुच्छ मानलं गेलं, त्यांनी चोरांचं का ऐकावं?

युक्रेनमधल्या बाखमूत शहराच्या लढाईत काय झालं ते वॅग्नरच्या स्वतःच्या नोंदींतून दिसतं. मीडियाझोना हे स्वतंत्र रशियन वृत्तसंकेतस्थळ आणि बीबीसीचा रशियन विभाग यांनी २०२४ मध्ये या नोंदी तपासल्या. तुरुंगांतून ४८,३६६ जण घेतले, त्यातले १७,१७५ मेले. तीनातला एक. कैद्यांच्या गळ्यातल्या बिल्ल्यांचे क्रमांक 'का' अक्षराने सुरू व्हायचे, कोलोनिया म्हणजे तुरुंगछावणीतलं. एचआयव्ही असलेल्याच्या मनगटावर लाल पट्टी आणि कावीळवाल्याच्या मनगटावर पांढरी. नोव्हेंबर २०२२ मध्ये पळून गेलेल्या एका कैद्याचं डोकं हातोड्याने फोडल्याची चित्रफीत निघाली. प्रिगोझिनने ती नाकारली तर नाहीच, वर त्या हातोड्याच्या प्रतिकृती लोक हौसेने विकत घ्यायला लागले. टोळीची शिक्षा दुकानात भेटवस्तू म्हणून विकली जाते, ही गोष्ट मला आकड्यांपेक्षा जास्त सांगून जाते.

प्रिगोझिनचं जून २०२३चं बंड आणि २३ ऑगस्टला विमानासकट त्याचा झालेला शेवट तुम्हाला माहीत असेल, त्यात शिरत नाही. पण दुकानाचा मालक गेला तरी दुकान बंद झालं नाही. कैद्यांची भरती २०२३च्या सुरुवातीलाच संरक्षण मंत्रालयाने हातात घेतली होती. आधी राष्ट्राध्यक्षांचे माफीचे हुकूम निघायचे, तेही गुप्त. जून २०२३ मध्ये कायदा झाला. मार्च २०२४ मध्ये तो आणखी रुंदावला. ऑक्टोबर २०२४ पासून तर खटला कोर्टात उभा असलेला आरोपीही सैन्याच्या करारावर सही करून बाहेर पडू शकतो. शिक्षा व्हायचीही गरज उरली नाही. सहा महिन्यांची मुदतही गेली. आता युद्ध संपेपर्यंत, किंवा पदक मिळेपर्यंत, किंवा निकामी होईपर्यंत. न्याय खात्याचे उपमंत्री व्सेवोलोद वुकोलोव यांनी २०२३च्या ऑक्टोबरात सांगितलं की छावण्यांत २ लाख ६६ हजार कैदी उरलेत, इतके कमी कधीच नव्हते.

माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत 'कार्यवाही स्थगित' हा शिक्का आता नेहमीचा झालाय. याचा अर्थ नीट बघा. तपास अधिकाऱ्याच्या हातात एक नवीन दार आलंय: हे बघ, पंधरा वर्षं की करार? निरपराध पोरालाही हा प्रश्न विचारता येतो आणि घाबरून तो सही करतो. व्लादिवोस्तोकचा माजी महापौर ओलेग गुमेन्युक लाचेसाठी बारा वर्षांची शिक्षा भोगत होता, तोही गेला. उपसंरक्षणमंत्री तिमूर इवानोव भ्रष्टाचारात पकडला गेला, जुलै २०२५ मध्ये त्याला १३ वर्षं झाली, त्यानेही आघाडीवर पाठवा म्हणून अर्ज केलेला. पत्रकार आन्ना पोलित्कोव्स्काया यांच्या २००६च्या खुनात वीस वर्षांची शिक्षा झालेला माजी पोलीस सेर्गेई हाजीकुर्बानोव तर लढून माफी घेऊन बसलाय. आपल्याकडे कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात. इथे कुंपण शेत खातंय आणि वर गुरांना आत सोडायचे पैसेही घेतंय.

पैशाचं म्हणाल तर मॉस्कोत जुलै २०२४ मध्ये नुसत्या सहीचे १९ लाख रुबल जाहीर झाले. गरीब प्रांतातल्या कामगाराची ही कित्येक वर्षांची कमाई. मृत्यूनंतरच्या रकमेला लोक 'ग्रोबोविए' म्हणतात, शवपेटीचे पैसे. सैनिकाशी घाईने लग्न लावून त्या रकमेची वाट बघणाऱ्या बायकांना 'काळ्या विधवा' असं नाव पडलंय. काही प्रकरणं कोर्टात गेली आणि लग्नं रद्द झाली. आघाडीवर काही अधिकारी रजेसाठी, किंवा हल्ल्याच्या तुकडीतून नाव वगळण्यासाठी पैसे घेतात, हल्ल्याआधी बँकेची कार्डं आणि पिन काढून घेतात, अशा तक्रारी सैनिकांच्या बायका-आया सतत करतात. तिथली भाषा ऐका: मेलेला 'दोनशे', जखमी 'तीनशे', लढायला नकार देणारा 'पाचशे'. आणि नको असलेल्या माणसाला परत न येण्यासाठी पुढे पाठवायचं, त्याला 'शून्य करणं' म्हणतात. नव्वदमध्ये आमच्या छपराला मी निदान बदलू शकत होतो. या छपराखालून बाहेर पडायचा रस्ता नाही.

मग परतलेले काय करताहेत? गोळीबार मॉस्कोच्या रस्त्यावर होत नाहीयेत, म्हणून बाहेरच्यांना वाटतं सगळं शांत आहे. मार लहान गावांत पडतोय, घरांत पडतोय. मार्च २०२३ मध्ये किरोव प्रांतातल्या नोवी बुरेत्स गावात वॅग्नरहून सुटून आलेला एक खुनी फिरत होता. हातात काय काय घेऊन फिरतोय, लोकांना धमकावतोय, अशी गावकऱ्यांनी तक्रार केली. गावची सभाही झाली. थोड्याच दिवसांत त्याने ८५ वर्षांच्या एका म्हातारीचा खून केला. केमेरोवोत एका तरुणीला तासन्‌तास छळून मारणाऱ्याला १७ वर्षांची शिक्षा झाली होती. तिच्या आईला तो सुटल्याचं त्याच्या गणवेशातल्या फोटोवरून कळलं. रशियातल्या स्वतंत्र पत्रकारांनी कोर्टाच्या नोंदींतून असे शेकडो बळी मोजलेत. गृहखात्याचे आकडे मात्र जपून वाचायला हवेत. २०२४ मध्ये गंभीर आणि अतिगंभीर गुन्हे ६ लाखांच्या वर गेले, गेल्या पंधरा वर्षांतले सर्वात जास्त. पण त्यातला मोठा वाटा फोन आणि इंटरनेटवरच्या फसवणुकीचा आहे, तो सैनिकांच्या माथी मारता येणार नाही.

संघटित गुन्हेगारीसाठी मात्र मोकळी पडलेली मालमत्ता लागते असं मी वर म्हटलं, आणि ती आज रशियात नाही. जून २०२५ मध्ये मॉस्कोचा दोमोदेदोवो विमानतळ मालकांच्या हातून गेला. नव्वदमध्ये त्यासाठी काळ्या जीपमधून माणसं आली असती. आता सरकारी वकील कोर्टात गेले आणि निकाल घेऊन आले. सैनिकांचा निधीही या वेळी मोकाट सोडलेला नाही: 'पितृभूमीचे रक्षक' हा २०२३ मध्ये काढलेला निधी ज्या आन्ना त्सिव्हिल्योवा सांभाळतात, त्या आता उपसंरक्षणमंत्रीही आहेत. कोत्ल्याकोवोचा धडा कोणीतरी नीट लक्षात ठेवलाय. धंदे चालू आहेत, पण वेगळे. अमली पदार्थ आता कोपऱ्यावर हातात मिळत नाहीत. पैसे ऑनलाइन भरायचे आणि झाडाखाली पुरलेली पुडी, 'झाक्लादका', उकरून घ्यायची. हायद्रा नावाचा यातला सगळ्यात मोठा बाजार एप्रिल २०२२ मध्ये जर्मन पोलिसांनी बंद पाडला, तर त्या जागी दुसरे उगवले. आघाडीच्या मागच्या शहरांतही हे पोहोचतं. त्याला तुरुंगातून आलेल्या हातोडेवाल्यांची गरज नसते, गरज पडते ती मोबाईल असलेल्या विद्यार्थ्यांची.

म्हणून तुमच्या भाचीबद्दल. कझान ऐंशीच्या दशकात पोरांच्या टोळ्यांसाठी बदनाम होतं, आज नाही. तिला माफिया भेटायची भीती मला वाटत नाही. तिला दोन गोष्टी सांगा. टेलिग्रामवर 'कुरियरचं सोपं काम' आलं तर ते पुड्या पुरण्याचं काम असतं, आणि ते कलम २२८.१ मध्ये बसतं. दुसरं तिच्या वर्गातल्या मुलांसाठी. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने मुंबईसह सात शहरांत छापे घातले, ते रशियात मदतनीसाची, रखवालदाराची नोकरी सांगून पोरांना आघाडीवर पाठवणाऱ्या एजंटांवर. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की अशी १२६ प्रकरणं आहेत, १२ जण मेले आणि १६ जणांचा पत्ता नाही. यातल्या अनेकांनी रशियन न वाचता सही केली होती. कागदाच्या डोक्यावर 'कोन्त्राक्त' आणि त्याच ओळीत 'वोयेन्नाया स्लुझ्बा' किंवा 'वोयेन्नोय स्लुझ्बी' असं काही दिसलं, तर ती नोकरी रखवालदाराची नाही, सैन्याची आहे. हे शब्द रशियन अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहून तिला पाकिटात ठेवायला द्या. व्हिसाचं किंवा मुदतवाढीचं काम आहे म्हणून पोलीस ठाण्यात कोणी सही मागितली, तर आधी फोटो काढून मला पाठवू दे. रात्री पाठवला तरी चालेल, मी उशिरापर्यंत जागा असतो.